होयबाई

१

शेळ्या व्यायला लागल्या की आमच्या घरात माणसांची जेवणं मागे पडतात आणि करडांची पुढे सरकतात. त्या सकाळीही तेच चाललं होतं. गॅसवर मोठ्या पातेल्यात पाणी तापत होतं. ओट्यावर धुतलेल्या बाटल्या उलट्या घालून ठेवल्या होत्या. दाजी चहाचा कप घेऊन दारातच उभे होते, कारण बसले असते तर कुणीतरी मांडीवर चढलं असतं. एक पांढरं करडू केव्हाच स्वयंपाकघरात शिरून माझ्या चपलेचा अंगठा चोखत होतं.

"दूध निघतंय का बघा," दाजी म्हणाले. "निघालं तर तुम्हालाही गोठ्यात बांधू."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. निवृत्त झाल्यावर मी चार दिवसांसाठी म्हणून त्यांच्याकडे आलो आणि तिथलाच झालो. नोकरी हॉस्पिटलात, कानांच्या विभागात. डॉक्टर नव्हतो, तपासणीचं यंत्र चालवायचो. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीकमोठे आवाज सोडायचे आणि ऐकू आलं की बोट वर करा म्हणायचं. आयुष्यभर मी लोकांची बोटं बघत बसलो. दाजी मला 'कानवाले' म्हणतात ते त्यामुळे.

आणि नेमकी माझी सख्खी बहीण ठार बहिरी. चाळिशीपासून तिचे कान हळूहळू जात गेले ते पार गेले. ती ओठ वाचते, हातवारे वाचते, आणि दाजी खोटं बोलत असले तर तेही वाचते. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तिचं बोलणं चढं आणि सपाट झालंय. जेवताना तिनं "मीठ द्या" म्हटलं तर शेजारच्यांनी मीठ आणून द्यावं, इतकं.

त्या दिवशी पाळी मास्तरणीची होती. ही आमची काळी शेळी. चष्म्यावरून बघितल्यासारखी बघते म्हणून मास्तरीण. ताईनं बाह्या सरसावल्या, गोठ्यात बैठक मारली आणि घटकाभरात पहिलं करडू हातात घेतलं. तो बोकड होता. अंग पुसून व्हायच्या आत उठून उभा राहिला, पडला, परत उठला आणि आईला सोडून दाजींच्या विजारीला लुचू लागला. आम्ही हसत असतानाच दुसरं आलं. ती पाट होती, म्हणजे मादी, तांबूस, अंगानं भरलेली. ताईनं तिचं नाक साफ केलं, पेंढ्यावर ठेवली आणि आम्ही वाट बघू लागलो.

ती उठली नाही. पुढचे पाय खुरांपाशी आत दुमडलेले होते. ताईनं बोटानं चीक तिच्या ओठाला लावला, तशी तिनं मान पुढे केली आणि ती मान डुगडुगू लागली, वरखाली, वरखाली. चिकापर्यंत पोचेपर्यंत तिनं इतक्या वेळा मान हलवली की दाजी म्हणाले, "ही तर सगळ्याला होच म्हणतेय."

"होयबाई," ताई म्हणाली, आणि तेच नाव पडलं.

२

जनावरांची डॉक्टर दुपारी आली. तरुण, उंच, चिखलात चालून चालून फताडी पावलं टाकायची सवय लागलेली मुलगी. ताईला मावशी म्हणते आणि येताना गाडीतून नेहमी काहीतरी खातच उतरते. त्या दिवशी मात्र होयबाईला बघितल्याबरोबर तिनं हातातला पेरू तसाच खिशात टाकला.

तिनं कपाळ बघितलं. ते जरा घुमटासारखं होतं. डोळ्यांच्या फटी बारीक, झोपेतून उठल्यासारख्या. पाय सरळ करून बघितले, ते परत दुमडले. मग म्हणाली, "कानवाले काका, हे तुमचं खातं. हिला ऐकू येतं का बघा."

मी पातेल्याचं झाकण आणि पळी घेतली. होयबाईच्या मागे जाऊन, वारा लागणार नाही इतक्या अंतरावरून, दणकन वाजवलं. गोठ्यातल्या झाडून सगळ्या शेळ्या उडाल्या. दाजींचा चहा सांडला. होयबाईचा कानही हलला नाही. आणि तिच्या शेजारी बसलेल्या ताईचाही.

"तोंड असं का केलंत सगळ्यांनी?" ताईनं विचारलं.

डॉक्टरीण ताईच्या समोर बसली, ओठ दिसतील असं तोंड करून सावकाश सांगू लागली. शरीरात एक विशिष्ट साखर मोडावी लागते. ती मोडणारा पदार्थ हिच्या अंगात जन्मापासूनच नाही. न मोडलेली साखर साठत जाते, मेंदूत सगळ्यात जास्त. आई आणि बाप दोघांकडून ही खोट आली तरच असं करडू जन्मतं. आईबाप स्वतः मात्र धडधाकट.

"म्हणजे साहेब?" दाजींनी विचारलं.

साहेब म्हणजे आमचा बोकड. लांब लोंबते कान, बाकदार नाक, तपासणीला आल्यासारखी चाल. दाजींचा जीव की प्राण.

"साहेब आणि मास्तरीण दोघंही एकाच कळपातून आणलेत ना तुम्ही? मग असू शकतं. रक्त पाठवते तपासायला."

"हे मान हलवणं?" मी विचारलं.

"हेतूचा कंप म्हणतात त्याला. स्वस्थ पडली असली की काही नाही. कशापर्यंत तरी पोचायचं मनात आलं की सुरू होतं." तिनं बाटली पुढे धरली. मान डुगडुगली. बाटली मागे घेतली. मान थांबली. "बघा. हिला काय हवंय हे हिला लपवताच येणार नाही."

मग तिनं तेही सांगितलं, जे सांगायलाच ती आली होती. उपाय नाही. काही आठवडे, फार तर थोडे महिने. आत्ताच सुई देऊन कायमचं झोपवलं तरी चालेल.

ताईनं सगळं वाचलं. "दुखतंय का तिला?"

"नाही. आत्ता नाही."

"दूध पिते?"

"धरलं तर पिते."

"मग मी धरते," ताई म्हणाली. सगळ्या आळीला ऐकू गेलं असणार.

३

आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी फळांची एक रिकामी पेटी होती. तिच्यात गोणपाट घालून होयबाईची सोय केली. दिवसभर सगळी करडं आत यायची, पेटीत डोकवायची, तिला हुंगायची आणि पळायची. तिचा भाऊ तर सरळ तिच्या पाठीवर उडी मारून तिथून ओट्यावर जायचा. होयबाईला त्याचं काही नसायचं. ती गोल पोट घेऊन मजेत पडून असायची. खरंच सांगतो, त्या घरात सगळ्यात समाधानी प्राणी तीच होती.

एका दुपारी मी पेटीजवळ स्टुलावर बसून बाटल्यांच्या रबरी बोंड्या बदलत होतो. होयबाई नुकतीच पिऊन झाली होती. ताई ओट्याकडे तोंड करून तांदूळ निवडत होती. बाहेर दाजी साहेबाशी गप्पा मारत होते. त्यात नवीन काही नाही.

होयबाईनं डोकं वर केलं आणि तिची मान डुगडुगू लागली.

मी बाटली जवळ आहे का बघितलं. नव्हती. तिच्यासमोर भिंत होती. भिंतीवर एक खुंटी, खुंटीला जुनी छत्री. ती छत्रीकडे बघत नव्हती. तिनं मान ताणली होती ती भिंतीच्या पलीकडे कुठेतरी. लोंबते कान मुळाशी किंचित उचलले गेले होते.

"ओ," ताई म्हणाली.

तांदळाचं ताट बाजूला ठेवून ती उठली, पदराला हात पुसले, मागच्या दारातून बाहेर डोकावली. परत आली आणि हसऱ्या चेहऱ्यानं पुन्हा तांदूळ घेतले. होयबाईची मान तोवर थांबली होती.

मी ताईच्या समोर जाऊन उभा राहिलो. "ओ कुणाला दिलीस?"

"हाक मारली ना कुणीतरी," ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. हातातला तांदूळ ताटात पडला आणि ती हसायला लागली. "भास झाला असेल. तुझ्या तोंडाकडे बघ, भूत बघितल्यासारखा उभा आहेस."

भासाचं मला काही नवल नव्हतं. कान गेलेल्या माणसाला आवाज येतात. कुणाला घंटा, कुणाला पाण्याची धार, एका आजोबांना अखंड शिट्टी. मेंदू रिकाम्या जागेत काहीबाही भरत राहतो. हे मी शेकडो नातेवाइकांना समजावून सांगितलेलं आहे, आणि त्या दुपारी स्वतःलाही सांगितलं. करडाच्या मेंदूत बिघाड आहेच, मान केव्हाही हलेल. दोन्ही एकदम झालं हा योगायोग.

फक्त एक गोष्ट बसत नव्हती. ताईचं ते 'ओ' चढं नव्हतं. सपाटही नव्हतं. घरातल्या बाईनं फाटकापाशी आलेल्या माणसाला द्यावं, तेवढ्याच आवाजाचं होतं.

४

त्यानंतर ताईचा आवाज सुधारत गेला.

हे पहिल्यांदा दाजींनी ओळखलं. गोठ्यातून ते दुधाची बादली घेऊन आले ती तशीच खाली ठेवली आणि मला दंडाला धरून नेलं. ताई मास्तरणीची धार काढत होती आणि गुणगुणत होती. लग्नाआधी ती चांगलं गायची. कान गेल्यावर सूर हातचा सुटला तसं तिनं गाणं बंद केलं होतं. आता ती गात होती आणि सूर अचूक होता.

"लागतोय ना?" दाजी कुजबुजले. खरं तर कुजबुजायची गरज नव्हती. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुम्ही जाणकार. लागतोय की नाही सांगा."

"लागतोय," मी म्हणालो.

"मग झालं तर." ते वळले आणि स्वतःच्या बेसूर आवाजात साथ देत निघून गेले. त्यांना 'कसं' हा प्रश्न पडलाच नाही. मला मात्र तेवढाच पडला होता. ऐकू न येणारा माणूस सुरात गाऊ शकत नाही. सूर लावायला काहीतरी कानावर पडावं लागतं.

माझं जुनं यंत्र मी हॉस्पिटलातून विकत घेऊन ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला धान्याच्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवले.

"बोट वर करायचं, माहीत आहे," ती म्हणाली. "तुझ्या नोकरीत तू दुसरं काय केलंस." आणि डोळे मिटून घेतले.

मी लहानापासून सुरुवात केली. काही नाही. वाढवत नेलं. यंत्राच्या शेवटच्या पायरीला हेडफोनमधून बाहेर इतका आवाज फुटला की दारात आलेलं करडू उलट्या पावली पळालं. ताई शांत. दोन्ही कान तसेच, बंद.

मी बटणावरून हात काढला आणि कागद पुढे ओढला. ताईचं बोट वर गेलं.

यंत्र गप्प होतं. मी दिवा बघितला, वायर बघितली. बोट खाली आलं. जरा वेळानं परत वर गेलं. खोटं बोट मी ओळखतो. खोटं बोट वर करणारा माणूस तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. ताईचे डोळे मिटलेले होते आणि तिच्या ओठांवर हसू होतं.

खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. दाजींनी होयबाईची पेटी उन्हात ठेवली होती. ताईचं बोट वर गेलं की पेटीतलं ते तांबूस डोकं डुगडुगायचं. बोट खाली आलं की थांबायचं.

मी हेडफोन काढले. तिनं डोळे उघडले. मी विचारलं, "काय ऐकू येतं तुला?"

"हाक."

"कुणाची?"

"ते नाही कळत. लांबून येते. पण जे कुणी आहे ना, ते खुशीत आहे रे. आपल्याकडे पाहुणे यायचे, लांबूनच आरडाओरडा करत, तसं."

"तुला भीती नाही वाटत?"

तिला ते खरंच कळलं नाही. "कशाची? तुम्हाला काही सांगायचं असलं की तुम्ही सगळे पुढे येऊन हात हलवता. मला पाठीमागून हाक मारून किती वर्षं झाली असतील, तूच सांग."

मी हेडफोनची वायर गुंडाळू लागलो.

५

रक्ताचा निकाल आला. डॉक्टरणीचं बरोबर होतं. त्याच आठवड्यात त्याच कळपातून आणलेली आमची दुसरी शेळी, खादाड, व्याली आणि तिचंही एक करडू तसंच निघालं. घुमटासारखं कपाळ, बारीक डोळे, दुमडलेले पाय. दाजींनी त्याचं नाव होयबुवा ठेवलं. साहेबाला त्यांनी वेगळं बांधलं आणि त्याच्यापाशी बसून बराच वेळ त्याची समजूत घातली. मला तरी वाटलं, समजूत ते स्वतःची घालत होते.

होयबुवाची पेटी गोठ्यात राहिली, होयबाईची अंगणात. एका सकाळी मी दोघांच्या मधून जात असताना दोघांच्या माना एकदम डुगडुगू लागल्या, आणि मला दिसलं की त्यांची तोंडं एकाच दिशेला नाहीत. होयबाई फाटकाच्या उजवीकडे मान ताणत होती, होयबुवा डावीकडे. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच हसलो. दोघं दोन दिशांना बघत होते, म्हणजे कुठे काही नव्हतं.

मग माझं हसू थांबलं. दोघं दोन ठिकाणी बसले होते. दोन ठिकाणांहून एकाच जागेकडे बघायचं तर दोन दिशांनाच बघावं लागणार.

मी आधी एकाच्या मागे, मग दुसरीच्या मागे वाकून उभा राहिलो आणि त्यांच्या नाकाच्या रेषेत बघितलं. दोन्ही रेषा रस्त्याच्या वळणावर, विजेच्या खांबापाशी मिळत होत्या. खांबापाशी काहीच नव्हतं. ऊन होतं, गवत होतं.

नंतरच्या दिवसांत मी रोज बघायचो. दाजी विचारायचे, "काय शोधताय कानवाले?" मी म्हणायचो, पाय मोकळे करतोय. ती जागा वळणावर राहिली नाही. ती खांब सोडून पुढे आली. मग ओढ्यावरच्या लहान पुलापाशी. मग फाटकाबाहेरच्या दगडापाशी. यायची घाई अजिबात नव्हती. वाटेत थांबत, बघत, रमत यावं तशी ती येत होती. आणि घरात त्या दिवसांइतकी मजा कधी आली नसेल. ताई गायची, करडं तिच्या तालावर नाचायची, दाजींनी कुठूनशी जुनी सतरंजी काढून अंगणातच जेवायचा बेत केला. मी त्यांच्यात बसायचो, हसायचो, आणि मधूनच फाटकाकडे बघायचो.

शेवटी एका भर दुपारी मी तिथे जाऊन उभा राहिलो. फाटकाच्या आत, पाण्याच्या टाकीजवळ, जिथे त्या दिवशी रेषा मिळत होत्या. वारा नव्हता. पायाखाली नेहमीची माती. मी श्वास धरून ऐकलं. माझे कान या वयातही चांगले आहेत, मीच तपासलेत. टाकीत थेंब पडत होता, तेवढंच.

मी मागे वळून घराकडे बघितलं.

ताई पायरीवर बसली होती. होयबाई तिच्या मांडीवर, होयबुवा शेजारच्या पेटीत. तिघांनी माना वर केल्या होत्या आणि तिघं माझ्याकडे बघत होते. ताईचा चेहरा इतका उजळला होता की मला लाजल्यासारखं झालं. माझ्याकडे आजवर कुणी अशा आनंदानं बघितलेलं नाही. मी हात हलवला.

ताईनं हात हलवला नाही.

मग माझ्या लक्षात आलं की त्यांची नजर माझ्या डोक्याच्या जरा वर आहे. मी सावकाश एक पाऊल बाजूला झालो. मग आणखी एक. त्या नजरा माझ्याबरोबर सरकल्या नाहीत. मी जिथून हललो होतो तिथेच त्या राहिल्या.

मी टाकीच्या मागून, लांबचा वळसा घालून घरात गेलो. धावलो नाही. धावावंसं वाटत होतं.

६

होयबाईनं गिळणं सोडलं तेव्हा ताईनंच डॉक्टरणीला बोलवायला सांगितलं. ती सकाळीच आली, या वेळी काही न खाता. ताईनं होयबाईला मांडीवर घेतलं. दाजी जवळ उभे राहिले, मग म्हणाले साहेबाला पाणी द्यायचं राहिलंय, आणि गेले. पाणी त्यांनी मघाशीच दिलं होतं.

डॉक्टरणीनं सुई दिली. होयबाईनं एक जांभई दिली, डोळे मिटले. डॉक्टरणीनं नळी छातीला लावली, बराच वेळ ऐकलं आणि ताईकडे बघून मान हलवली. झालं.

मी बघत होतो. होयबाईचं डोकं ताईच्या कोपरावर टेकलेलं होतं. ते उचललं गेलं, अगदी थोडं. मान पुढे ताणली गेली. पण ती डुगडुगली नाही. जन्मल्यापासून पहिल्यांदा ती सरळ, न थरथरता, जिथे जायचं तिथे गेली. मग डोकं परत खाली आलं.

"नसांचं असतं," डॉक्टरीण म्हणाली. "होतं कधीकधी." पण तिनं नळी पुन्हा कानांत घातली, पुन्हा छातीला लावली, आणि आधीपेक्षा जास्त वेळ ऐकत राहिली.

"पोचली," ताई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. एखाद्या लेकीला गाडीत बसवून दिल्यावर, नीट जागा मिळाली हे खिडकीतून बघितल्यावर माणूस जसं हसतं, तशी.

थोड्याच दिवसांनी होयबुवाही गेला, झोपेतच. साहेबाचं खच्चीकरण केलं. दाजींनी त्याला विकायचं नाव काढू दिलं नाही. म्हणाले, "निवृत्त माणसाला आपल्याकडे जागा आहे," आणि माझ्याकडे बघून हसले.

ताईनं 'ओ' देणं बंद केलं. तिचं गाणं हळूहळू बेसूर झालं, मग थांबलं. बोलणं पुन्हा चढं, सपाट. मला सुटल्यासारखं वाटलं. कंप गेला, हाक गेली, सगळ्याचा उलगडा झाला असं मी धरून चाललो. तरी कधी कधी जेवताना ताई मीठ मागायची आणि मला तिचा तो दुसरा आवाज आठवून चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

७

पुढच्या खेपेला नवा बोकड आणला, डॉक्टरणीनं रक्त तपासून निवडलेला. शेळ्या एकामागून एक व्याल्या. प्रत्येक करडू खाली पडल्याबरोबर उठून उभं राहत होतं आणि प्रत्येकाच्या वेळी दाजी टाळी वाजवून कान हलतात का ते बघत होते. सगळ्यांचे हलत होते. मास्तरणीला तिळी झाली. ती तर आमच्याकडे अशी बघत होती, जणू आम्हीच नापास झालो होतो.

शेवटची शेळी व्याली त्या दिवशी डॉक्टरीण मुद्दाम आली. आम्ही सगळे आतच बसलो. स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे जाणारा एक अरुंद बोळ आहे. त्यात मी भिंतीला टेकून, पाय लांब करून खाली बसलो होतो, कारण एक करडू माझ्या नडगीवर झोपलं होतं. बाकीची करडं माझ्या पायांवरून उड्या मारत बोळातून आतबाहेर करत होती. डॉक्टरीण पेरू खाता खाता तिच्या कॉलेजातली गोष्ट सांगत होती. एका शेळीनं परीक्षकाची टोपी कशी खाल्ली ती. दाजी हसून हसून खोकत होते. ताई गॅसपाशी पाठमोरी उभी राहून दूध ढवळत होती. मागचं दार बंद होतं आणि त्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ बोळात आली होती.

करडं थांबली.

एक ओट्यावर चढता चढता थांबलं, एक दाजींच्या मांडीवर. सगळ्यांची तोंडं दाराकडे वळली. लांब कान मुळापासून उचलले गेले. माझ्या नडगीवरचं जागं झालं होतं. कुणाचीही मान डुगडुगत नव्हती. ही सगळी धडधाकट होती, आणि यांना ऐकू येत होतं.

डॉक्टरीण बोलता बोलता थबकली. "कुणी आलंय का?" तिनं विचारलं.

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मला काही ऐकू आलं नव्हतं.

ताईनं गॅस बंद केला. तिच्या मागे काय चाललंय हे तिला दिसायचं काहीच कारण नव्हतं. तिनं पदराला हात पुसले, केस सारखे केले आणि माझ्या पायांवरून ओलांडून दाराकडे गेली. जाताना तिचा चेहरा मला दिसला. सणाच्या दिवशी लहान मुलीचा असतो तसा.

तिनं कडी काढली. दार उघडलं. ऊन भसकन आत आलं. दारात कुणी नव्हतं. लांबवर साहेब गवत खात उभा होता. त्याचं तोंड आमच्याकडे होतं.

"या," ताई म्हणाली, हलक्या, सुरेल आवाजात, आणि आत येणाऱ्याला वाट द्यावी तशी एका बाजूला झाली.

बोळातली करडं दोन्ही भिंतींना लागून उभी राहिली. मधे जागा झाली. दाजी कधी उठून उभे राहिले ते मला कळलं नाही. ते हसत होते, आणि डॉक्टरीणही.

मी पाय जवळ ओढून घेतले.